प्रत्यक्ष पाहणी केली

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४०

सायकल जिन्याच्या वळणावर अडकली आहे. मी तिच्या वरच्या बाजूला, त्यामुळे खाली जाता येत नाही. ओढून पाहिली, ढकलून पाहिली. शेवटी घरात येऊन हे लिहायला बसलो. दातांचा डॉक्टर सायकलच्या पलीकडून ओरडतो आहे. त्याचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि घर तिसऱ्या. माणसाने एकाच मजल्यावर राहावं.

सायकल मेव्हण्याची. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. व्यायामशाळा चालवतो. बारा महिने अर्ध्या चड्डीत हिंडतो आणि बोलताना पोटऱ्या आळीपाळीने फुगवतो. जेवताना ते बघावं लागतं.

सायकल कशासाठी, ते लिहून ठेवतो. आज आमच्या नकाशांच्या ऑफिसात मीटिंग. नव्या मॅडम म्हणाल्या, शीट क्रमांक ४७, जंगल आणि दलदल, एक एप्रिलला नव्याने छापायला जाणार. हिंडायला येणारे लोक तो नकाशा हातात घेऊन फिरणार, तेव्हा छापण्याआधी आपण स्वतः त्या वाटेने जाऊन यायचं. रविवार, तीस तारीख. ऑफ-रोड बाईक राइड. मग विचारलं, वाट कोणाला माहीत आहे? सगळ्यांनी वह्या उघडल्या. त्यांनी शीट वळवून धरली. खालच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ आणि माझी सही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विनयाने मान खाली घातली. त्यांनी तो होकार धरला.

बाईक म्हणजे मला पेट्रोलची वाटली. कोणालाही वाटेल. मीटिंग उठताना कळलं की सायकल. मॅडम सायकलला बाईक म्हणतात.

संकल्प : रोज दहा किलोमीटर. उद्यापासून. आज सायकल अडकलेली असल्यामुळे नाही.

४ मार्च, मंगळवार

सायकल डॉक्टरने सोडवली. पुढच्या चाकाला एक कळ असते, ती उघडली की चाक निघतं. मला माहीत होतं. त्याला बरं वाटावं म्हणून गप्प राहिलो. तर म्हणाला, काका, हे कशाला या वयात? तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

सीट नीट पाहिली. मेव्हण्याच्या घामाचा नकाशा तिच्यावर उमटला आहे. पांढरट किनारा, मध्ये दोन बेटं. स्पिरिटने पुसली. किनारा पुसला गेला, बेटं राहिली.

सीट वाळत होती, म्हणून सराव नाही.

६ मार्च, गुरुवार

सरावाचं वेळापत्रक तयार. चार रंगांत, शाईने. डावीकडे तारखा, वर किलोमीटर, चढासाठी तपकिरी, दलदलीसाठी निळा. इतकं देखणं वेळापत्रक या ऑफिसात दुसरं कोणी काढू शकणार नाही. ‘कम्प्युटर’ला दाखवलं. कम्प्युटर म्हणजे आमचा नवा ड्राफ्ट्समन. हाताने सरळ रेघ मारता येत नाही, नखं खातो आणि खाल्लेली नखं कीबोर्डवर पाडतो. म्हणाला, भारी आहे सर, पण यात आज चार किलोमीटर लिहिलंय. मी म्हटलं, वेळापत्रक आजच पूर्ण झालं, आजचा दिवस त्यातच गेला.

‘प्रत्यक्ष पाहणी केली’ याबद्दल एकदा मनाशी स्पष्ट असलेलं बरं. सव्वीस वर्षं प्रत्येक शीटखाली मी हे तीन शब्द लिहीत आलो. माझ्याआधीच्या ड्राफ्ट्समनने मला तसं शिकवलं होतं. ही शब्दयोजना आहे. पत्राखाली आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो, तेव्हा कोण विश्वासू असतो? ड्राफ्ट्समनचं काम टेबलावरचं. सर्व्हेवाले मोजमापं आणून देतात, आपण त्यांना रूप द्यायचं. ४७ नंबरला मी गेलो होतो की नाही, हे आज नक्की आठवत नाही. पण इतका बारकाईने काढलेला प्रदेश न पाहिलेला कसा असेल?

९ मार्च, रविवार

सरावाला प्रारंभ. सकाळी ६.१५ला निघायचं ठरलं होतं. निघालो ९.५०ला. उशीर हवा भरण्यात झाला. पंप मेव्हण्याचा, आणि त्याची मूठ चिकट.

एकूण अंतर एक किलोमीटर दोनशे मीटर. वारा विरुद्ध होता. परतताना वाऱ्याने दिशा बदलली, पुन्हा विरुद्ध. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन चालली होती, ती मागून येऊन पुढे गेली. मग थांबून तिने विचारलं, पाणी हवंय का? मी म्हटलं, मी ट्रेनिंगमध्ये आहे.

पँटचा उजवा पाय चेनमध्ये गेला. आता त्यावर काळ्या ग्रीसची नक्षी आहे. बायको म्हणाली, अहो, ती पँट आता दाराबाहेरच काढून या.

११ मार्च, मंगळवार

मेव्हण्याने खास चड्डी आणून दिली. बुडाला स्पंजची गादी शिवलेली, आणि काळी, तकतकीत, अंगाला चिकटणारी. नवीन आहे म्हणाला. मग म्हणाला, एकदाच घातलीय, भावोजी. दोन बोटांत धरून बादलीत टाकली. तीनदा धुतली, धुताना स्पंजमधून पाणी निघतच राहिलं. कुठून येत होतं देव जाणे.

घालून आरशापुढे उभा राहिलो. समोरून ठीक. बायको आत आली आणि म्हणाली, मागून बघू नका. मी बघितलं.

बसून लिहिता येत नाही, त्यामुळे आज एवढंच.

१४ मार्च, शुक्रवार

स्मृती ताजी करावी म्हणून कपाटातून ४७ची मूळ कामाची प्रत काढली. कपाटात झुरळांची अंडी होती. प्रत मात्र सुंदर. माझं अक्षर त्या वर्षी ऐन बहरात होतं.

आता मुद्दा. सर्व्हेच्या मोजमापात जंगलातली वाट एका ओढ्यापाशी संपते. दलदलीच्या पलीकडे बांधावर दुसरी वाट सुरू होते. मधे काही नाही. माझ्या शीटवर मधे तुटक रेघ आहे, पाच सेंटिमीटर. म्हणजे जमिनीवर सव्वा किलोमीटर. ती मी जोडली आहे. आता आठवलं. दोन सुटी टोकं कागदावर फार वाईट दिसत होती, म्हणून जोडली. आणि वाट आली तशी ‘दलदल’ या शब्दाला जागा उरेना. चार अक्षरं, ती ऐसपैस मांडायची असतात. म्हणून दलदल सहा मिलिमीटर वर सरकवली.

रचनेच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. आजही तिथे बोट ठेवायला जागा नाही. आणि दोन वाटा एकमेकींसमोर येऊन संपत असतील तर लोक मधून जात असणारच. वाटा अशाच पडतात.

शिपाई मामा चहा घेऊन आले. त्यांना सगळं ऑफिस मामाच म्हणतं. वय अठ्ठावन्न, रोज काळ्या अवजड सायकलवरून येतात. शीटवर वाकून बघत म्हणाले, साहेब, ही रेघ कसली? वाट, मी म्हटलं. म्हणाले, तिथं कसली वाट? आक्का राहते माझी तिथं बांधावर. म्हशीसुद्धा फिरकत नाहीत तिकडं.

मी म्हटलं, मामा, नकाशा वाचणं हे एक शास्त्र आहे.

ते म्हणाले, असेल. पण मॅडमना आत्ताच सांगून टाका. आज एका शीटपुरतं ओरडतील. तिथं नेऊन दाखवलंत, तर कपाटातली प्रत्येक शीट बाहेर निघेल.

चहात त्यांचा अंगठा बुडालेला होता. प्यायलो नाही.

१५ मार्च, शनिवार

बायकोला ऑफिसातल्या एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, अहो, मग सांगून टाका ना. ‘माझं चुकलं’ म्हणायचं. दोनच तर शब्द आहेत.

मी त्या माणसाबद्दल बोलत होतो. पण ते असो. मी सव्वीस वर्षं तीन शब्दांवर काढली आहेत. आता दोनांवर उतरणं जमायचं नाही.

तरी सोमवारी सांगायचं ठरवलं. मामा म्हणाले म्हणून नव्हे. स्वतःहून.

सराव नाही. चड्डी वाळलेली नाही.

१७ मार्च, सोमवार

मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्या उकडलेलं अंडं खात होत्या, फायलीवर मीठ ठेवून. पिवळा बलक ओठाच्या कोपऱ्याला. बसा, म्हणाल्या, बरं झालं आलात. तुम्हाला माहितीये का, कॉलेजात आम्हाला नकाशा वाचायला शिकवला तो तुमच्या शीटवरून. बारा नंबर. मास्तर म्हणायचे, बघा, हा माणूस पाय झिजवून आलाय, तेव्हा अशी रेघ येते. या ऑफिसात दुसऱ्या कोणाचंही काम मी तपासल्याशिवाय सोडत नाही. तुमचं सोडते. बोला, काय होतं?

मी म्हटलं, हेल्मेटबद्दल विचारायचं होतं.

खरं सांगायलाही वेळ पाहावी लागते. समोरचा माणूस अंडं खात असताना ती नसते.

(बारा नंबरला मी गेलो होतो का? बहुतेक बसमधून. दुसऱ्या दिशेला.)

२० मार्च, गुरुवार

गुडघा दुखतो. खरंच दुखतो, ठरवल्यापासून. दातांच्या डॉक्टरला गाठलं आणि सर्टिफिकेट मागितलं. म्हणाला, काका, मी दातांचा. मी म्हटलं, दाताचं द्या. तोंड उघडायला लावून त्याने आत आरसा घातला. आरशाला कोणाच्या तरी लवंगेचा वास. म्हणाला, सगळे ठणठणीत. पाहिजे तर शनिवारी एक काढून देतो, मग सर्टिफिकेट खरं होईल.

माणसं आपला पेशा किती खालच्या पातळीवर नेतात.

संकल्प : पळवाट शोधायची नाही. उलट एकट्याने आधी जाऊन पाहायचं. रविवारी. म्हणजे ती तीन अक्षरं, तीन शब्द, काय ते, मागाहून का होईना खरे होतील. हे आधी कसं सुचलं नाही?

२३ मार्च, रविवार

प्रत्यक्ष पाहणी केली.

मेव्हण्याने सायकलसह टेम्पोतून जंगलाच्या तोंडापर्यंत सोडलं. तिथे चहाची टपरी आहे. तो म्हणाला, भावोजी, मीपण येतो आत. मी म्हटलं, हे एकट्याने करायचं काम आहे. तो टपरीच्या बाकावर बसला आणि पोटऱ्या फुगवायला लागला.

जंगल नकाशावर हिरवं असतं. प्रत्यक्षात तपकिरी आहे आणि सगळीकडून ठिबकतं. पाल्याखाली पाला कुजलेला, त्याखाली आणखी. सडलेल्या भाजीच्या पिशवीत डोकं घातल्यासारखा वास. साधारण दोनशे मीटर आत गेलो. मनगटावर काहीतरी ओलं वाटलं. जळू. ती माझ्यातून पीत होती. ओरडलो नाही. मेव्हणा म्हणतो, टपरीपर्यंत ऐकू आलं. ते दुसरं कोणी असेल.

अकरा मिनिटांत बाहेर. मेव्हणा म्हणाला, एवढ्यात? मी म्हटलं, अनुभवी डोळ्याला पुरतं.

निष्कर्ष : ओढ्यापर्यंत जाता आलं नाही. पण पुढे वाट असावी, असं एकंदर वातावरण होतं.

२६ मार्च, बुधवार

नवी योजना. सुटसुटीत. दोन इंची खिळा. तिसऱ्या किलोमीटरला विश्रांती, तेव्हा माझ्या मागच्या चाकात. पंक्चर. वाटाड्याच नाही म्हटल्यावर राइड तिथेच संपेल. सगळे हळहळतील. मी म्हणेन, पुन्हा केव्हातरी. शीट वेळेवर छापायला जाईल. नंतर कोणी दलदलीत गेलं तर दलदल दरवर्षी थोडी सरकतेच.

खिळा चड्डीच्या स्पंजमध्ये लपवला. बसताना लक्षात ठेवायचं.

२७ मार्च, गुरुवार

लक्षात राहिलं नाही. डॉक्टरने टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. या वेळी मात्र त्याने मी दातांचा, असं म्हटलं नाही. आनंदाने दिलं.

खिळा आता शर्टाच्या खिशात.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ५.१५

दोनदा आंघोळ केली. वास आहे.

क्रमाने लिहितो. सकाळी सात वाजता जंगलाच्या तोंडाशी चौघे : मॅडम, कम्प्युटर, मामा आणि मी. मॅडमची सायकल पिसासारखी हलकी, कम्प्युटरची भाड्याची. मामांची तीच काळी, मागे डबा आणि दोरखंड. दोरखंड कशाला, मी विचारलं. असू दे साहेब, म्हणाले. मेव्हणा टपरीवर थांबला.

पहिले तीन किलोमीटर मी सर्वांच्या पुढे होतो. म्हणजे ते मागून सावकाश येत होते. मुळं, दगड, चिखल, आणि प्रत्येक झाडाच्या फांदीवर नेमकं तोंडाच्या उंचीवर कोळ्याचं जाळं. पुढे असणाऱ्याला सगळी जाळी मिळतात. कोळ्यांसकट. तीन वेळा थुंकलो.

विश्रांतीला खिळा वापरला. मॅडमनी चार मिनिटांत पंक्चर काढलं. खिळा हातात धरून म्हणाल्या, जंगलात नवाकोरा खिळा? मी म्हटलं, लोक काय वाटेल ते टाकतात. त्यांनी खिळा खिशात ठेवला.

मग ओढा आला. वाट संपली. मॅडमनी शीट उघडली, माझी तुटक रेघ बघितली, समोर बघितलं. समोर लव्हाळं, हिरवं शेवाळ आणि त्यावर डासांचा ढग. दूर पलीकडे बांध, बांधावर एक घर. म्हणाल्या, इथून पुढे तुम्ही.

मामा माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, साहेब, अजून सांगा.

सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण कम्प्युटर म्हणाला, सर, वाट दिसत नाहीये. नखं खात म्हणाला. त्या मुलाने मला वाट दिसत नाही म्हणावं? मी म्हटलं, दिसत नाही ती तुला. आणि पॅडल मारलं.

पॅडलचे पहिले दहा फेरे जमीन लागली, हे नमूद करतो. त्यानंतर पुढचं चाक गेलं, मग मी. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग त्या चड्डीपर्यंत. स्पंजने पाणी ओढायला सुरुवात केली. कोमट. तळातून बुडबुडे येऊन माझ्याभोवती फुटत होते आणि प्रत्येकातून कोणीतरी वर्षभर साठवलेला वास सुटत होता. एक बूट खाली काढून घेतला गेला. काढून घेतला गेला, असंच वाटलं. सायकल माझ्या शेजारी कोणी न धरता सरळ उभी होती.

मी मागे वळून म्हटलं, या वर्षी जरा ओलं आहे.

कम्प्युटर फोटो काढत होता. मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काठावर उभं राहून एकच प्रश्न विचारला. तुम्ही पाहणीला आला होतात, तेव्हा कुठल्या बाजूने आलात?

मी म्हटलं, पलीकडून.

मामांना ठसका लागला. बराच वेळ गेला नाही.

दोरखंडाने मला ओढलं. आधी सायकल काढा, असं मी म्हटल्याचं कम्प्युटर सांगतो. तसं काही नाही. लांबचा वळसा घालून मामांनी सगळ्यांना बांधावर आक्काच्या घरी नेलं. सव्वा तास. तोही एक पाय अनवाणी. आक्का सत्तरीची, दारात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत बघत होती. नाकाला पदर लावून म्हणाली, अगं बाई, हे ध्यान कुठनं काढलंत? मामा म्हणाले, मधून येत होते. वाटेनं. आक्का म्हणाली, मधून? तिथं वाट आहे असं कोण मेला म्हणाला?

मॅडम शीटची घडी घालत होत्या. चार घड्या, कडेला कड लावून, फार वेळ. मी सांगायला हवं होतं, ‘मी’. एकच शब्द होता. तेवढ्यात आक्काने गरम पाण्याची बादली माझ्या डोक्यावर ओतली.

परत येताना मॅडम पुढे होत्या. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. टेम्पोत मेव्हण्याने माझ्याखाली वर्तमानपत्र पसरलं.

संकल्प : उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे मॅडमना भेटून दलदलीच्या सरकण्याविषयी सविस्तर टिपण देणं.

३१ मार्च, सोमवार

दहाला ऑफिसात पोचलो. मॅडम मीटिंगला बाहेर गेल्या होत्या. माझ्या टेबलावर कपाटातल्या माझ्या सगळ्या शीट्स रचून ठेवलेल्या. एकशे चौदा. मामा म्हणाले, मॅडमनी सांगितलंय, प्रत्येक सहीपुढं तारीख घाला. कसली तारीख, मी विचारलं. तुम्ही जाऊन आलात त्या दिवसाची, म्हणाले.

पेन घेऊन बसलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका शीटवर तारीख घालून झाली. कालची.